तिजोरीआप्पा आणि तुरटीचा घाम

तिजोरीआप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी तिजोरीला नमस्कार करायचे, मग माणसांना. चहा विचारला तरी उत्तर तिजोरीकडे बघूनच यायचं. लवळ्यापासून मारुंजीपर्यंत जुन्या तिजोऱ्यांची कुलपं दुरुस्त करणारे ते एकटेच, त्यामुळे हा अपमान सगळे मुकाट गिळायचे.

तिजोरीच्या दारावरच्या पितळी पाटीवर त्यांचा फार जीव. "सायबानं मुकुट आन् सिंह ठोकून तिजोऱ्या धाडल्या. मग आपल्या कारागिरांनी नक्कल केली. पन सिंह बगितला व्हता कुनी? म्हून ह्यो बगा, मांजरावानी दिसतोय." पुढे मुकुट गेला आणि त्या जागी लक्ष्मी बसली, हेही ते सांगायचे. माझ्या काकांच्या दुकानातल्या तिजोरीवर असलीच दोन मांजरं होती. हा इतिहास काकांनी इतक्यांदा ऐकला होता, की आप्पा दिसले की ते दुकानाच्या मागच्या दारानं सटकायचे.

मारुंजीतलं काकांचं ते हार्डवेअरचं दुकान एका दुपारी शॉर्टसर्किटनं जळालं. तिजोरी तेवढी उभी राहिली. तिच्यात जमिनीचे कागद होते आणि काकूंचा एकुलता एक फोटो. लग्नानंतर चारच वर्षांत काकू गेल्या होत्या. आग विझताच काका पहार घेऊन धावले. आगीची बातमी ऐकून आलेले आप्पा तिजोरीसमोर आडवे आले.

"सरका, आप्पा!"

"न्हाई. आत कागुद लई तापल्यात. वारा लागला की भडकत्याल. थंड होऊ द्या."

"आत राख झाली आसंल तर?"

"हिच्या भिंतीत भुसा आन् तुरटी भरल्याली हाय. आग लागली की तुरटी पानी सोडती, घाम गाळती. तुमी गाळू नका."

काकांनी त्यांना नको नको ते ऐकवलं. आप्पा दोन दिवस तिथंच खुर्ची टाकून बसले. मधूनच दाराला हात लावायचे आणि डॉक्टरसारखं सांगायचे, "अजून ताप हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार उघडलं. कागद दमट, कडांना पिवळे पडलेले. फोटोतल्या काकू मात्र तशाच हसत होत्या. काका फोटो घेऊन तिथंच राखेत बसले. आप्पांनी फोटोकडे पाहिलंही नाही. ते आमच्याकडे पाठ करून, काळी पडलेली पाटी चिंचेनं घासत बसले. पाटी केव्हाच लख्ख झाली, तरी ते वळेनात.

गेल्या वर्षी आप्पा गेले. काकांचे गुडघे तेव्हा पार कामातून गेलेले. तरी तिरडीला पुढचा खांदा त्यांनीच दिला. वाटेत दोनदा कुणीतरी म्हणालं, "द्या आता हिकडं." स्मशान येईपर्यंत काकांनी खांदा बदलू दिला नाही.