बाबांची स्लीपरची चाल

जुन्या लाइनीवरून चालायला ग्रुपवर "हव, येतो" म्हणणाऱ्या अकराही जणांनो, आज सकाळी रायपूर स्टेशनावर मी अन् बाबा दोघंच होतो. काहून नाही आले, ते विचारत नाही.

पॅसेंजरनं जाऊन दोन स्टेशनं पुढे उतरलो. तिथूनच जुन्या छोट्या लाइनीचा, नॅरोगेजचा, भराव सुरू होतो. रूळ कधीच उखडले, पण चालायला ही वाट ठेवा म्हणून आपण रेल्वेला अर्ज दिला होता, आठवते ना?

बाबांनी याच लाइनीवर तीस वर्षं गस्त घातली. रुळांखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्यावर पाय टाकायची सवय अशी, की ते घरातही तोकडंच पाऊल टाकतात. आज थंडीत, नुसत्या मातीवरही तसेच चालले.

"बाबा, आता स्लीपर कुठी आहेत?"

"तुले नसन दिसत. मले दिसून राहिले."

अर्ध्या तासानं भरावच संपला. जेसीबीनं कापून माती नेलेली, पुढे प्लॉटची भिंत. बाबांनी भिंतीला हात लावला, अन् वळले.

परतताना ते लांब लांब पावलं टाकत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांना तसं चालताना पाहिलं.

घरी येऊन त्यांनी जोडे माळ्यावर टाकले. आता अर्जाचं उत्तर आलंच, तर वाचून कोणाले दाखवू?