जतकडचा शब्द

टाक हवेत धरून, मान किंचित तिरकी करून मास्तर विचारायचे, “शेठ, कन्ट्राइट घालू का?”

“घाला की. त्याला काय पैसे पडतात?” शेठ म्हणायचे, आणि गादीवरची सगळी माणसं हसायची. मीही हसायचो.

सांगलीच्या हळदीच्या पेठेतलं ते अडत दुकान. लढाईचे दिवस होते. मी मराठी पत्रं लिहायचो, ते इंग्रजी. साताऱ्यात पोरांना इंग्रजी शिकवून पोट भरेना म्हणून ते इकडे आले होते, त्यामुळे हमालांपासून शेठपर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. तुमच्याही पेठेत असा एखादा मास्तर तुम्ही पाहिला असेल. कोट कोपरावर विरलेला, पण गळ्याचं बटण लावलेलं. बोलताना पुढच्याला आपण आवडतोय ना, याकडे सारखं लक्ष.

त्या एका शब्दाचा त्यांना फार अभिमान. “पाय लागला की म्हणायचं ते सॉरी,” ते मला समजावत. “रिग्रेट हे व्यापाराचं, कोरडं. आणि कन्ट्राइट म्हणजे...” इथे ते छातीवर मूठ ठेवत, “आपल्या हातून झालेलं आठवून घशाखाली घास उतरत नाही, ते.”

आणि एवढं समजावून मुंबईच्या पेढीला लिहीत, पोती ओली निघाली, आम्ही कन्ट्राइट आहोत. माल उशिरा चढला, आम्ही कन्ट्राइट आहोत.

“मास्तर, दुपारी तर तीन भाकरी उतरल्या,” मी एकदा म्हणालो.

ते लाजले. “अहो, पत्रात चालतं.”

पत्रात चालतं! आज हे लिहितानासुद्धा माझं डोकं फिरतं. आमच्या दुकानात पत्रात सगळं चालत होतं.

सांगलीजवळ हरिपूरच्या रानात हळदीची पेवं आहेत. अरुंद तोंडाचा खोल खड्डा, आत हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. पेव उघडलं की आत कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. म्हणून ते सकाळी उघडून तसंच ठेवायचं, दुपार कलल्यावर दोराने पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरवायचा, विझला तर थांबायचं. हरिपूरच्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

त्या दिवशी मुंबईची तार आली, माल आजच्याच गाडीला हवा. शेठ स्वतः रानात आले. मास्तर तार हातात घेऊन पेवाच्या तोंडाशी, मी त्यांच्या मागे. पेव उघडून फार वेळ झाला नव्हता.

“वाईच दम धरा, मालक,” मुकादम म्हणाला. “कंदील तरी सोडू द्या.”

“कंदील सोडत बसलो तर गाडी जाईल,” शेठ म्हणाले. “मास्तर, उतरवा बिराप्पाला.”

मास्तरांनी शेठच्या तोंडाकडे पाहिलं. मग काठावर बसलेल्या हमालाकडे वाकून म्हणाले, “उतर रे, बिराप्पा.”

बिराप्पा जतकडचा धनगर. दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हा हमालीला आलेला. दोर कमरेला बांधत तो हसला. “काय मास्तर, ह्या वयात पुन्यांदा हळद लावताय व्हय मला?”

आम्ही सगळे हसलो. तो उतरला. थोड्या वेळाने दोर जड झाला. वर ओढला तेव्हा बिराप्पा संपला होता.

“पिऊन आला असंल,” शेठ म्हणाले. ज्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नव्हता, त्याच्याबद्दल, त्याच्या अंगावरची हळदसुद्धा पुसलेली नसताना! आणि आम्ही पाच-सहाजण जमिनीकडे बघत उभे.

दुसऱ्या दिवशी शेठ गादीवर बसले. “मास्तर, मुंबईला लिहा. माल एक दिवस उशिरा निघाला. तो तुमचा शब्द घाला.”

मास्तरांनी टाक खाली ठेवला. “सॉरी लिहितो, शेठ. तो शब्द नाही लिहिणार.”

“का?”

“तो मुंबईचा नाही. जतकडचा आहे. तुम्ही येताय का जतला?”

“मी? हमालाच्या घरी?” शेठ भडकले. “उद्या म्हणतील, चूक कबूल केली!”

मास्तरांनी सॉरी लिहिलं, सही करून घेतली आणि कोट उचलून निघाले. का कोण जाणे, मीही त्यांच्यामागून निघालो.

लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, पुढे तासभर पायपीट. मुकादमाने बिराप्पाचं प्रेत रात्रीच घरी पोचवलं होतं. त्याची बायको झोपडीपुढे लोकर पिंजत होती. मास्तर उन्हात उभे राहिले. सगळं इंग्रजी गेलं, मराठीही धड येईना.

“मी उतर म्हणालो,” ते म्हणाले. “कंदील सोडला नव्हता. मला माहीत होतं.”

बाईने हात थांबवला. “मालकानं सांगितलं आसंल तुमास्नी.”

“सांगितलं. पण दोरापाशी मी होतो.”

तिने लोकर बाजूला सारली. मग विचारलं, “उतरताना काय म्हनला त्यो?”

मास्तरांनी सांगितलं. जसंच्या तसं. ती हसली, खरंच हसली, आणि त्याच हसण्यात तिचा आवाज फाटला. मास्तर तिथेच मातीत बसले.

आम्ही निघताना ती म्हणाली, “तुमी आलासा. आता मालकाला धाडा. आमी वाट बघतोय म्हनावं.”

मास्तरांनी दुकान सोडलं. शिकवण्या धरल्या. पण हळदीच्या प्रत्येक सौद्याला, लिलावाच्या दिवशी, ते आमच्या पायरीपाशी येऊन उभे राहत. आता ते कुणाला आवडावं म्हणून बोलत नव्हते.

“शेठ, जतला येताय का?”

एवढंच. आवाज चढवत नसत. बाहेरगावचे व्यापारी चेष्टा करत, “मास्तर, एकदा इंग्लिशमधनं विचारा की!” शेठ ओरडत, “हाकला रे त्याला!” पण एकही हमाल जागचा हलत नसे. तेवढी लाज हमालांपाशी होती. आम्ही लिहिणारे मात्र कागदावरून मान उचलत नव्हतो. दोन वर्षं हे चाललं. दोन वर्षांत शेठना जतला जायला एक दिवस मिळाला नाही.

मग एका सौद्याला मास्तर आले नाहीत. तापाने आजारी पडून साताऱ्याला बहिणीकडे गेले आणि तिथेच वारले, हे मागून कळलं. त्या सौद्याच्या दिवशी शेठ दोन-तीनदा पायरीकडे बघून आले. मग मांडी घालून ऐसपैस बसले, मोठ्याने हसले आणि सगळ्यांना चहा सांगितला.

आम्ही सगळ्यांनी तो चहा प्यायला.