दुसऱ्यांदा दाबलेलं बटण

बायको मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेली आणि तिकडेच आजारी पडली. पोटात गाठ निघाली, ऑपरेशन लगेच ठरलं. मी इकडे गुडगावात, मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये. माझा पासपोर्टसुद्धा नव्हता. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पुढे सगळी नोकरी सरकारी ऑफिसात टपालावर शिक्के मारण्यात गेली. कॉम्प्युटर मुलाचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यावर ती दिसायची, तेवढ्यासाठी बसायचो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे सकाळी, मुलीने तिला कॅमेऱ्यासमोर आणून बसवलं. मुलगा कंपनीच्या बसने मानेसरला निघून गेला होता. घरात मी एकटा.

"अहो, जरा मागे सरका. नुसतं नाक दिसतंय," बायको म्हणाली.

"तू घाबरू नकोस."

"मी कुठे घाबरलेय? डाळीला फोडणी देताय ना, की उकडलेलीच खाताय?"

हसली. तोंड निम्मं झालं होतं, तरी हसली. आणि मला वाटलं, ही आता परत दिसायची नाही. असं मनात येऊ नये, पण आलं. मुलीला म्हटलं, आईचा हा असाच फोटो मला पाहिजे, आत्ताच्या आत्ता.

"बाबा, वरच्या रांगेत उजवीकडे प्रिंट स्क्रीनचं बटण आहे. एकदा दाबा, बस. बाकीचं दादा संध्याकाळी करेल."

दाबलं. ना आवाज, ना उजेड. फोटो निघाला की माणसाला काही कळायला नको? "निघाला का गं?" विचारतोय तोवर लाइट गेली. कॉम्प्युटर टेबलाखालच्या बॅटरीवर चालू राहिला, पण इंटरनेटचा डबा विझला आणि ती गेली. समोर राखाडी चौकोन. बॅटरी टीं टीं ओरडायला लागली.

ऑफिसात शिक्का उमटला नाही की त्याच जागी पुन्हा मारायचा, ही हाताची सवय. मी बटण पुन्हा दाबलं. चांगला जोर लावून.

थोड्या वेळाने सोसायटीचा जनरेटर लागला, तेव्हा जीव भांड्यात पडला. मुलाला फोन केला.

"बाबा, आता कशालाही हात लावू नका," तो म्हणाला. "फोटो अजून सेव्ह झालेला नाही. कॉम्प्युटर बंद पडला तर बिल्कुल गेला समजा."

मग दिवसभर मी त्या बॅटरीजवळ खुर्ची टाकून बसलो. दुपारी मुलीचा फोन आला, आई झोपलीय म्हणाली. मी हूं म्हटलं आणि ठेवला. कामवाली झाडायला आली, "अंकलजी, पैर उठाओ," तर तिच्यावर असा ओरडलो की ती झाडू टाकून निघून गेली. पंखा जरा मंदावला तरी वाकून बॅटरीचा दिवा बघायचो. तिकडच्या ऑपरेशनला मी काही करू शकत नव्हतो. ही वायर तरी सांभाळत होतो.

मुलगा आला तो बूट न काढताच बसला. तिकडे तिला आत नेण्याची वेळ झाली होती. त्याने दोन-चार ठिकाणी टिकटिक केलं आणि फोटो आला. राखाडी चौकोन. कोपऱ्यातल्या बारक्या खिडकीत मी. तोंड वासलेलं, डोळे बाहेर आलेले.

"बाबा, तुम्ही परत दाबलंत का?"

"दाबलं."

"दुसरा घेतला की पहिला पुसला जातो, यार." तो म्हणाला. मग तो फोटो पुसून टाकायला लागला, तर मी त्याचा हात धरला.

ती ऑपरेशनातून उठली नाही.

माझा तो फोटो मी कागदावर छापून घेतला आहे. तिचा फोटो गेला, त्याचं रडून झालं. भीती वेगळीच आहे. घाबरू नकोस म्हणून मी तिला ज्या तोंडाने सांगत होतो, तेही असंच असणार. आत जाताना तिच्या डोळ्यांपुढे हेच असेल तर? आता कोणाला विचारू?