माशी न बसणारी सुकट

बेबीनंदाच्या दुकानाला ना छत, ना पाटी. अंबडच्या बाजारात पोतं अंथरायचं, त्याच्यावर सुकटीचा ढीग लावायचा अन् ढिगामागं मांडी घालून बसायचं. झालं दुकान. पण गिऱ्हाईक बराबर तिच्याकडंच यायचं. एक तर नवीन पोतं फोडलं की पहिली चिमूट ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तोंडात टाकायची, कच्चीच, अन् कुरकुर चावून गिळायची. अन् दुसरी तिची आरोळी.

"हात लावून बघा, वास घ्या! बेबीनंदाच्या सुकटीवर माशी बसत न्हाई!"

खरंच बसायची न्हाई. बाजूच्या गुळावर माश्यांचा थर, जिलेबीवर थर, अन् मधी हिची सुकट एकदम स्वच्छ. बेबीनंदाला माशीची किळस म्हंजे विचारू नका. ताटावर माशी बसली की ते ताट उचलून कुत्र्यापुढं ठेवायची. सून रूपाली म्हणायची, "आत्याबाई, आपल्या घरात कुत्रंच जास्त जेवतं." तरी ऐकायची न्हाई.

माल यायचा जालन्याहून, रामकिसन नावाच्या ठोक व्यापाऱ्याकडून. पोत्यावर लाल खेकडा छापलेला. अंतरवालीतल्या तिच्या घरात जिकडं बघाल तिकडं तोच खेकडा. दारात पाय पुसायला खेकडा, न्हाणीच्या आडोशाला खेकडा. नातू रांगायला शिकला तो त्या खेकड्यावरच. त्याला भातात सुकटीची चटणी कालवून चारायची तीबी बेबीनंदाच. "खाय राजा, आज्जीच्या हातची हाय, माशीबी शिवली न्हाई."

तिचा धाकटा भाऊ पुंजाराम ट्रकवर ड्रायव्हर. एकदा मोसंबी भरून तो पार आंध्रात, समुद्राच्या काठी निघाला व्हता. जाता जाता बहिणीच्या दारात गाडी लावली.

"आक्का, चल की. जल्मभर समुद्राचं विकलं, समुद्र कधी बघितला का?"

"मला काय करायचाय समुद्र? पण माझा माल निपजतो कुठं ते मातर बघायचंय."

भाकरी बांधल्या, सुकटीची चटणी डब्यात ठासून भरली, अन् चढली ट्रकात. नांदेड गेलं, हैदराबाद गेलं. पाट्यांवरची अक्षरं गोल गोल झाली, भाताचे ढीग वाढले, भाकरी दिसंना. बेबीनंदा आपली डबा उघडायची अन् चटणी खायची. ज्या गावाला मोसंबी उतरवली त्याचं नाव काही तिच्या तोंडात बसलं न्हाई. ती म्हणायची, "ते समुद्राचं गाव."

सकाळी पुंजाराम तिला बंदराच्या मच्छीबाजारात घेऊन गेला. अन् तिथंच सगळं बिघडलं.

आत पाय ठेवला तर चप्पल बुडाली. काळं पाणी, त्यात खवले, त्यात आतडी, त्यात कुणीतरी थुंकलेलं पान. हातभर लांबीचे मासे फरशीवर आडवे अन् सगळ्यांचे डोळे उघडे. एक बाई पायाखाली विळी दाबून बसल्ती. मासा घेतला, पोट फाडलं, बोट घातलं, आतलं सगळं बाजूला फेकलं. ते येऊन पडलं बेबीनंदाच्या पायावर. कोमट. अन् माश्या! ढिगावर माश्या, बाईच्या हातावर माश्या, बाईच्या ओठावर माश्या. ती बाई त्या हाकलीतबी नव्हती. एक माशी उडाली अन् बेबीनंदाच्या गालावर येऊन चिकटली, ओली.

बेबीनंदा तोंडावर पदर दाबून पळाली ते ट्रकाच्या चाकापाशी जाऊन ओकली.

पुंजाराम हसू हसू बेजार. "मच्छीवाली बाई अन् मच्छी बघून ओकती! सांगू का अंबडच्या बाजारात?"

"ही मच्छी हाय व्हय? मढी हायेत ही मढी. कशी बघून राह्यली माझ्याकडं! माझ्या सुकटीला डोळे तरी न्हाईत."

"असत्यात आक्का. बारीक असत्यात."

"गप बस, भाड्या!"

मोसंबी उतरवणाऱ्या हमालानं मोडक्या हिंदीत सांगितलं, सुका माल वाळतो तो इथं न्हाई, पुढं रेतीवर. बेबीनंदानं चूळ भरली, तोंड धुतलं अन् म्हणाली, "चल. माझं तिकडं हाय."

पुढं गेले तर काय, रेतीवर लांबपर्यंत गुलाबी चादर. सगळी सुकट. ऊन पडलेलं, मागं समुद्र. बेबीनंदाचा जीव हरखला. खाली वाकून बघितलं. एक माशी न्हाई. त्या घाणेरड्या बाजारातून इथं येऊन बघा म्हणावं.

"बघ पुंजा! बघ! मी काय म्हणते जल्मभर?"

एक कुत्रं सुकटीवरच पाय पसरून झोपल्तं. दोन बाया चपला घालून ढिगातनं चालत व्हत्या अन् पायानंच सुकट खालीवर करून राह्यल्या व्हत्या. बेबीनंदाचं तोंड वाकडं झालं. पण ती सोताशीच म्हणाली, असू दे, आपण भाजून खातो. तेवढ्यात तिला कडंची थप्पी दिसली. लाल खेकडा. तिच्या दारातला, तिच्या नातवाच्या पोटाखालचा खेकडा. परदेशात गाववाला भेटावा तशी ती धावली. "पुंजा, हे आपलंच! आपलीच पोती!"

अन् तवाच थप्पीमागून एक माणूस आला. तोंडाला फडकं बांधलेलं, पाठीवर पंप. आपल्याकडं कापसावर फवारायचा असतो तसलाच पंप, तोच दांडा, तीच नळी. त्यानं दांडा हापसला अन् सुकटीवर फुस्स फुस्स सुरू केलं.

वारा फिरला. वास आला.

हा वास बेबीनंदाला कुणी सांगायची गरज नव्हती. पंपात पाणी ओतायला ती लोकांच्या कापसात किती हंगाम राबल्ती. ह्याच वासात पुंजाराम एकदा फवारणी करून बांधावर आडवा पडल्ता, तोंडाला फेस, अन् हिनंच त्याला बैलगाडीत घालून अंबडला नेल्तं. पुंजारामचं हसू जागीच मेलं.

"भैया," बेबीनंदानं विचारलं, "ये क्या है?"

"दवाई."

"किसकू?"

त्या माणसानं फडकं खाली केलं अन् मोठ्या ऐटीत सांगितलं, "मक्खी नहीं बैठता! एक भी नहीं!"

तिचीच आरोळी. जशीच्या तशी. तिच्याच ऐटीत.

जल्मभराची चटणी पोटात व्हती. ओकारी आली असती तर बरं झालं असतं, पण आता येईना. ती खाली बसली अन् रेतीनं जीभ घासावी का काय अशी बोटं तोंडात घालून खरडायला लागली. पुंजारामनं धरून उठवलं. परतीच्या वाटंवर तिनं चटणीचा डबा खिडकीतनं फेकला. मंग डबाच कशाला फेकला, कुणी उचलून खाल्ला तर, म्हणून गाडी थांबवायला लावली, मागं चालत गेली, डबा शोधला, खड्डा करून गाडला.

जालन्यात उतरली ती सरळ रामकिसनच्या दुकानात. रामकिसन गादीवर बसून पंख्याखाली दात कोरत व्हता.

"शेट, सुकटीवर कापसाचं औषध मारत्यात. मी डोळ्यांनी बघून आले."

रामकिसन दचकलाबी न्हाई. "मारणारच की, बाई. न्हाई मारलं तर अळ्या पडत्यात. गिऱ्हाईकाला माशी चालत न्हाई, अळी चालत न्हाई. मंग माल काय देवानं राखायचा?"

"तुम्हाला ठाव व्हतं?"

"सगळ्यांनाच ठाव असतं. माशी का बसत न्हाई याचा तू इतक्या वर्षांत इचार नसंल केला तर माझी काय चूक?"

हे वर्मी लागलं. बेबीनंदानं उघड्या पोत्यातनं चिमूट उचलली अन् त्याच्या नाकापुढं धरली. "खा. मी दर पोत्याची खाते. तू एक खा."

"मी? छ्या!" रामकिसननं तोंड असं फिरवलं की जणू गू दाखवलं. "मी कधीच न्हाई खात. आमच्या घरात असलं चालत न्हाई. लेकरांना तर वासबी सहन व्हत न्हाई."

बेबीनंदानं ती चिमूट त्याच्या पांढऱ्या गादीवर टाकली अन् टाचेनं चोळली. त्याची माणसं अंगावर धावली तर पुंजाराम मधी उभा राह्यला. "हात लावून बघा माझ्या बहिणीला." कुणी लावला न्हाई.

घरी आली तर रूपाली नातवाला भरवत बसल्ती. ताटात लाल चटणी. बेबीनंदानं ताटच उधळलं. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. रूपाली चिडली, "माशी कुठं बसली व्हती, आत्याबाई?"

"न्हाई बसली," बेबीनंदा म्हणाली, "म्हणूनच."

घरात खेकड्याची पोती भरलेली पडल्ती, बाजारापुरतीच न्हाई तर पार दिवाळीपर्यंतची. पुंजारामनं डोकं खाजवलं. "आक्का, धुऊन वाळवून वीक. कोण बघतंय?"

तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो गुमान कुदळ घेऊन मागच्या आंगणात खड्डा खणायला लागला. पोती गेली, दारातली पायपुसणी गेली, न्हाणीचा आडोसा गेला. सगळा खेकडा मातीत. रूपाली महिनाभर साडी बांधून न्हाणीला आडोसा करत व्हती.

मंग बेबीनंदा शहागडला गेली, गोदावरीच्या काठी. तिथं एक भोईण नदीची बारीक मच्छी खडकावर वाळवायची, नुसतं मीठ लावून. बेबीनंदा तिच्याजवळ दिवस दिवस बसून राह्यली, तिच्या हाताकडं बघत. भोईण वैतागली. "बाई, तुला माल पाहिजे का माझी सोयरीक?" पंप कुठंच नव्हता. पण माश्या व्हत्या. लई व्हत्या. बेबीनंदाच्या अंगावर काटा यायचा, नाकाला पदर लावून ती माल भरायची.

अंबडच्या बाजारात पुन्यांदा पोतं अंथरलं, साधं, बिनखेकड्याचं. ढीग लावला. घटकाभरात ढिगावर माश्या. गुळावरच्याबी इकडंच आल्या. आता आरोळी तरी काय द्यायची? चार पावलांवर दुसऱ्या एकीनं खेकड्याचा माल मांडला व्हता, गुलाबी, साफसूफ, अन् गिऱ्हाईक तिकडं वळून राह्यलं व्हतं. काल मावशी मावशी करणाऱ्या बाया आज नाक मुरडून पुढं जायच्या.

काकासाहेब म्हणून म्हातारा, जुना गिऱ्हाईक. तो काठी टेकून थांबला. "काय गं बेबीनंदा! माशी बसत न्हाई म्हणायचीस ना? इथं तर पाव्हणे आल्यावानी बसल्यात."

"बसत न्हाई तिथं औषध असतं, काकासाहेब. कापसाचं. मी बघून आले."

"असं व्हय? अन् इतके दिवस आम्हाला काय चारलंस मंग?"

आजूबाजूची माणसं थांबली. बेबीनंदाला तोंड वर करता येईना. "तेच चारलं. मीबी तेच खाल्लं. माझ्या नातवालाबी तेच भरवलं."

"मंग हे तरी खरं कशावरून?" पलीकडची दुकानवाली फिदीफिदी हसली. "दर बाजारी खाऊन दाखवतीस ना? दाखव की आज!"

बेबीनंदानं ढिगाकडं बघितलं. काळ्या पाठी, हिरव्या पाठी, पाय चोळत बसलेल्या. आंध्रातली ती ओली माशी गालावर परत बसल्यावानी वाटलं. तिनं हात घातला, माश्या जराशा उठल्या अन् परत बसल्या. जिथं सगळ्यात दाट बसल्या व्हत्या तिथलीच चिमूट तिनं उचलली, डोळे घट्ट मिटले अन् तोंडात टाकली. जबडा हलंना. मंग हलला. डोळ्यांतनं पाणी आलं, पण चावलं, बारीक केलं अन् गिळलं. तोंड उघडून जीभबी दाखवली.

काकासाहेब तिच्या तोंडाकडं बघत राह्यला. मंग त्यानं धोतराच्या सोग्यानं माश्या हाकलल्या अन् पिशवी पुढं केली.

"दे दोन मुठी. पण आधी पाणी पी, तोंड बघवत न्हाई तुझं."