विस्तार कुणाचा?

निपाणीजवळच्या एका कॉलेजात माझं व्याख्यान ठरलं, तेव्हा प्राचार्यांनी विषय मराठीत लिहून मागितला. मुलं खेड्यातली, इंग्रजी शीर्षक बघून आत येणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी पाघळलो. दोन संध्याकाळी घालवून शीर्षक बनवलं : ‘उष्णकटिबंधीय बहिर्वक्र भूमिती आणि अतिपरवलयी प्रणालींच्या विस्तारांची संक्रमकता’. लिहून झाल्यावर मला स्वतःबद्दल जरा आदरच वाटला. हा विषय कळणारी माणसं आमच्या जिल्ह्यात तीन. त्यातला एक मी आणि दुसऱ्याशी माझं बोलणं नव्हतं.

फ्लेक्सवाल्याला एवढं शीर्षक बसेना. त्यानं त्याच्या बुद्धीनं छाटलं. ‘सीमाभाग गणित चर्चासत्र’ यातला ‘सीमाभाग’ हातभर अक्षरात, आणि खाली शीर्षकातला जो एक शब्द ओळीत ऐसपैस मावला तो : ‘विस्तार’. बाकी सगळं भिंग लावून वाचावं इतकं बारीक. वरच्या कन्नड ओळींचीही त्यानं अशीच हजामत केली. म्हणजे कुठल्याही भाषेत वाचा, अर्थ एकच निघत होता. लोखंडी पाइपांच्या चौकटीत बसवलेला हा फ्लेक्स तीन दिवस रस्त्याकडेला उभा होता. आमच्याकडं या दोन शब्दांसाठी माणसं तुरुंगात जाऊन आलीत, हे फ्लेक्सवाल्याला, प्राचार्यांना आणि मला, तिघांनाही ठाऊक होतं. तिघांनाही आठवलं नाही.

त्या दिवशी अण्णा माझ्याबरोबर आला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. बेळगावच्या वडगावात घरातच त्याचे दोन पॉवरलूम आहेत. साडी विणताना धागा तुटला की तो माग थांबवतो, दोन बोटांत दोन टोकं धरतो, आणि आपण काय झालं ते बघेपर्यंत गाठ बसून माग पुन्हा सुरू झालेला असतो. त्याचं घर त्या दोन बोटांवर चालतं. मला अजून सुईत दोरा ओवता येत नाही. माझं व्याख्यान त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

“तू काय बोलतोस त्ये ऐकायला न्हाय आलो,” बसमध्ये तो म्हणाला. “लोक ऐकतात का, त्ये बघायला आलोय.”

उद्घाटन झालं. पंख्याच्या वाऱ्यानं समई पेटेना, म्हणून पंखे बंद केले आणि सगळे घामाघूम झाले. प्रमुख पाहुणे शेतीखात्यातून निवृत्त झालेले. ‘उष्णकटिबंधीय’ वाचून त्यांनी आम्हाला ऊस आणि वाढत्या तापमानाबद्दल पंचवीस मिनिटं सांगितलं. भूमितीच्या त्या नावाचा हवामानाशी काही संबंध नाही. ब्राझीलमधल्या एका गणितज्ञाचा मान राखायला ते दिलंय. हे मी नंतर सांगितलं, तेव्हा पाहुण्यांनी शाल नीट केली आणि माझ्याकडं बघणं सोडून दिलं.

मी फळ्याकडं वळलो. या भूमितीत दोन आकड्यांची बेरीज म्हणजे त्यातला मोठा आकडा. लोंढा जंक्शनला दोन गाड्या येऊन मिळायच्या असतील, तर तिसरी कधी सुटणार? जी उशिरा येईल तिच्यावर. मुलं हसली, लोंढ्याला सगळेच ताटकळलेले. मग विस्तार. एक बिंदू एका प्रणालीत फिरतोय, आणि प्रत्येक पावलागणिक त्याच्यासोबत एक खूण थोडी सरकतेय, कधी डावीकडं, कधी उजवीकडं. प्रणाली आणि खूण मिळून झाला विस्तार. प्रश्न एवढाच, की त्यात फिरत फिरत सगळीकडं पोचता येतं का. प्रत्येक फेरीनंतर खूण एका रेषेच्या एकाच बाजूला ढकलली जात असेल, तर परत येणं नाही. मी फळ्यावर ती रेष ओढली आणि तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार लाथेनं उघडलं.

पंधरावीस जण होते. पुढच्यानं विचारलं, “विस्तार कुणाचा?”

“गणिताचा हो साहेब, गणिताचा,” प्राचार्य म्हणाले.

“गणित शिकवतोस व्हय रं आमाला?”

मी मास्तर माणूस. शंका आली की निरसन करायचं, ही खोड. म्हटलं, “विस्तार म्हणजे मूळ प्रणालीवर आणखी एक...”

“मूळ कुणाचं त्ये आधी सांग!”

एवढ्यात, हे लोक आत शिरलेत अशी खबर लागून दुसऱ्या बाजूचे लोक आले. त्यांनीही फ्लेक्स वाचला होता. पहिल्यांना तो दुसऱ्यांचा विस्तार वाटत होता आणि दुसऱ्यांना पहिल्यांचा. माझ्या विषयावर एवढी तळमळीची चर्चा मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकलेली नाही.

पहिली खुर्ची कुणी उचलली ते मी पाहिलं नाही. दुसरी माझ्या कानाजवळून गेली आणि फळा मधोमध फुटला. एकानं समई उचलून दुसऱ्याच्या तोंडावर घातली. तो माणूस तेल आणि रक्त पुसत खाली वाकून दात शोधू लागला, तर त्याच्या पाठीत लाथ बसली. खिडकीच्या काचा आत पडल्या. पोरी बाकांखाली ओरडत होत्या. प्रमुख पाहुणे शाल डोक्यावर घेऊन टेबलाखाली. जमावाच्या रागाची बेरीज होत नाही, हे मला तिथं दिसलं. वीस जणांत अठरा जण नुसते घाबरलेले असतात. सगळ्यात चिडलेला जो असतो, तेवढा सगळा जमाव होतो.

त्या सगळ्यात चिडलेल्यानं फ्लेक्सच्या चौकटीचा पाइप काढून आणला होता. तो माझ्याकडं आला. कुठल्या भाषेत शिवी दिली ते सांगत नाही, दोन्हीकडच्यांना उपयोगी पडेल. पाइप वर गेला, आणि शेवटच्या बाकावरचा अण्णा मध्ये कसा आला कळलं नाही. त्यानं उजवा हात आडवा धरला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. पाइप पुन्हा वर गेला, पुन्हा त्याच हाताच्या बोटांवर आला. अण्णा हात पोटाशी धरून खाली बसला. त्याच्या शर्टाचा पुढचा भाग लाल होत गेला.

निपाणीत पट्टी झाली, बेळगावात बोटांत तारा घातल्या. “बोटं राहतील,” डॉक्टर म्हणाले. “वाकतील का, ते आत्ता सांगता येणार नाही.” अण्णानं विचारलं, “किती वाकली तर गाठ बसंल?” डॉक्टरांनी तारा काढायची तारीख लिहून दिली.

दोन्ही बाजूंचे पुढारी दवाखान्यात येऊन गेले, अर्ध्या तासाच्या अंतरानं. दोघांनीही शाल आणि नारळ आणला होता. दोघांच्याही मते अण्णा त्यांच्यासाठी जखमी झाला होता. फोटोसाठी हात जोडायला सांगितल्यावर अण्णानं प्लास्टर पुढं केलं.

तारा काढल्या त्याच आठवड्यात तो मागापाशी गेला. मीही गेलो होतो. धागा तुटला. माग थांबवून त्यानं टोकं धरली. अंगठा आला, पहिलं बोट अर्ध्यात अडलं. टोक निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. सातव्या-आठव्यांदा त्यानं ते बोट मागाच्या लोखंडावर आपटलं. जोरात, वाकत नाही म्हणून शिक्षा केल्यासारखं. वहिनी आतून धावत आली आणि दारातच थांबली.

मला राहवलं नाही. म्हटलं, “अण्णा, माझ्यामुळं झालं. मी तो शब्द घातला नसता तर...”

त्यानं डाव्या हातानं माझ्या कानाखाली ओढली. जन्मात पहिल्यांदा. माझा चष्मा मागाखाली गेला.

“शब्दानं न्हाय मोडली रं बोटं. पाइपानं मोडली. मारणारा माणूस व्हता, त्येला हात व्हते,” तो म्हणाला. “तुला सगळ्यात तूच दिसतोस. लई शिकलास.”

“पोलिसांना का नाही सांगितलंस मग? तू त्याला पाहिलंस ना?”

“उद्या सांगतो. आज धागा तुटलाय. बाजूला हो.”

त्यानं एक टोक दातांत धरलं, दुसरं डाव्या हातात, आणि मान तिरकी करून गाठ ओढली. सैल बसली. माग सुरू केला. चार फेऱ्यांत ती सुटली. तो पुन्हा वाकला.