साहेबांसाठी हिरवा मांडव

वैशाखात आमच्या परसात आंब्याची पाटी उतरली की माणसांच्या आधी मुंग्यांना वर्दी जायची. आधी बारीक तांबड्या यायच्या, मग काळ्या धावऱ्या, आणि सगळ्यांच्या मागून मुंगळे, सावकाश, लग्नघरातल्या वडीलधाऱ्यांसारखे. वर माशा आणि चिलटं. एका हाताने वारायचं आणि दुसऱ्याने चोखायचं, हे आमच्या किनाऱ्यावरच्या मुलांना कुणाला वेगळं शिकवावं लागत नसे. पण एका उन्हाळ्यात आमच्या घराने मुंग्यांविरुद्ध रीतसर मोहीम काढली. साल नक्की आठवत नाही. एकोणीसशे तीसनंतरचं होतं, आणि मी मुंबईच्या कॉलेजातून सुट्टीला घरी आलो होतो. संस्थानच्या शिक्षणखात्यातले एक मोठे साहेब मुरुडहून आमच्या परसात आंबे खायला येणार होते.

आंबे हे निमित्त. काम आत्याचं होतं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि परसातल्या फणसाखाली गावातल्या मुलींना लिहायला-वाचायला शिकवू लागली. वीसेक मुली असतील. पावसाळ्यात वर्ग गोठ्यात भरायचा आणि गाई बाहेर पडवीत उभ्या राहायच्या. गावच्या पंचांना हे खूळ वाटे. बाबा मुलांच्या शाळेचे हेडमास्तर, म्हणून तोंडावर कुणी बोलत नसे. पण साहेब येणार असं कळल्यावर पंच आमच्या ओटीवर जमले, पानसुपारी खाल्ली आणि ठरवून गेले, की साहेबांनी वर्गाला मान्यता दिली तर शाळेची मागची खोली मुलींना द्यायची, नाही दिली तर वर्ग बंद. आत्याने ते कबूल केलं. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं. रात्री भांडी आवरताना ती मला म्हणाली, "मुलींचं राहू दे, त्यांची लग्नं होतील. मी दुपारभर काय करू रे मग?"

साहेबांच्या कीर्तीत एक गोष्ट ठळक होती. त्यांना किडामुंगी खपत नसे. कुठल्याशा गावी फळ्यावर पाल दिसली म्हणून ते वर्गाच्या दारातूनच परत फिरले, असं सांगत. खरं-खोटं कुणी पाहिलं होतं? पण आमच्या घरात ते ऐकताच जी धांदल उडाली ती मला अजून आठवते, आणि खरं सांगायचं तर त्या धांदलीची मला फार मजा आली. मी मुंग्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक वाचलेलं होतं. त्यातलं मी मोठ्याने सांगत सुटलो, की मुंग्या वासाचा माग काढत येतात, म्हणून माग मोडला पाहिजे. आत्याने ऐकून घेतलं आणि माझ्या हातात राखेचं घमेलं दिलं.

परस दोनदा शेणाने सारवलं. कडेने राखेची रेघ, राखेच्या आत हळदीची. वारुळांच्या तोंडाशी घासलेटचे बोळे. रांगोळी आईने नेहमीप्रमाणे तांदळाच्या पिठाची काढायला घेतली, तेव्हा आत्याने डबाच उचलून नेला आणि शिरगोळ्याच्या दगडाची भुकटी आणून दिली; पिठाची रांगोळी म्हणजे मुंग्यांना घातलेलं पानच. साली आणि बाठे टाकायला विहिरीपलीकडे खड्डा खणला. चिलटांसाठी नारळाच्या सोडणांचा धूर करायचा म्हणून सोडणांचे ढीग चार कोपऱ्यांत रचले. साहेबांसाठी शाळेतून हाताची खुर्ची आणली. तिच्या चार पायांखाली चार करवंट्या जमिनीत रुतवल्या आणि त्यांत पाणी भरलं. मुंगी खुर्चीवर चढायची म्हटली तर तिला पोहून यावं लागलं असतं. मी सगळ्या बाजूंनी पाहून ही तटबंदी पक्की असल्याचं जाहीर केलं.

राहिला मांडव. आमच्याकडे मांडवावर नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं पडतात. स्वस्त, थंड, आणि आदल्या दिवशी टाकली तरी चालतात. बाबा सारं आयुष्य झापांखाली जेवले होते, पण साहेब येणार म्हणताच त्यांना झापं कोळ्यांच्या मासळीच्या खोपटासारखी दिसू लागली. त्यांना आंब्याच्या टाळांचं, पानांनी भरलेल्या फांद्यांचं, हिरवंगार छत हवं होतं. तेही ताजं, म्हणून टाळ त्याच दिवशी पहाटे तोडायचे. आत्या म्हणाली, "दादा, ऊन वरून येतं, साहेब खालून. छत कोण बघतंय?" बाबा म्हणाले, "शोभा नावाची काही चीज असते." पहाटे गड्यांनी बागेतले टाळ तोडून आणले आणि वर पसरले. हात खाजवत उतरले. आंब्यावर चढलं की अंग खाजतंच, त्यामुळे त्यांनी काही सांगितलं नाही आणि आम्ही काही विचारलं नाही.

साहेब दोन बैलांच्या दमणीतून आले. डोक्यावर पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणं. वैशाखातल्या दुपारी एवढं अंगावर घालून आलेला माणूस एक तर फार मोठा असतो किंवा त्याला घरी सांगणारं कुणी नसतं. पंच त्यांच्या दोन बाजूंना बसले, मागे गावातली आणखी मानाची मंडळी, आणि मांडव भरला. मुलींना त्यात जागा उरली नाही. त्या समोर उघड्यावर रांगेत बसल्या, डोक्यावर ऊन घेऊन. आत्या त्यांच्याशेजारी उभी. तिने एकदाच मांडवाकडे पाहिलं आणि मुलींना पदर डोक्यावर घ्यायला सांगितलं.

बाबांनी स्वागत केलं. त्यात त्यांनी साहेबांना सूर्य म्हटलं, आणि त्या उन्हात ते फारसं कुणाला आवडलं नाही. मग साहेब खुर्चीतूनच बोलू लागले. विषय शिस्त. खाली मुंगी नाही, माशी नाही. माझी छाती अभिमानाने फुगली होती. तेवढ्यात साहेबांनी नाकासमोरचं एक चिलट हाताने वारलं. बाबांनी लगेच मला खूण केली आणि मी धावत जाऊन चारही ढीग पेटवले. सोडणं ओलसर होती. धूर दणकून झाला आणि सरळ वर गेला.

आता ज्यांनी आंब्याची बाग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आंब्यावर तांबड्या, लांब पायांच्या मुंग्या असतात. आमच्याकडे त्यांना ओंबील म्हणतात. पानाला पान चिकटवून त्या मुठीएवढं घर बांधतात, आणि ते हिरवं असेतो नुसत्या पानांत ओळखू येत नाही. आमच्या शोभेच्या छतात तशी घरं किती होती देव जाणे. उन्हाने पानं सुकत आली होतीच. खालून धूर लागला आणि ओंबील जमेल तिथून सुटली, म्हणजे खाली.

साहेब "मुलींच्या जातीला संयम" असं काहीतरी म्हणत होते. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आधी त्यांनी मान चोळली, मग पगडी सावरली, मग उभे राहिले तो एक पाय करवंटीत. तोवर पंच उठले होते. मानाची मंडळी उपरणी झटकत वाट फुटेल तिकडे धावत होती. एक जण विहिरीकडे, दोघे तुळशीला वळसा घालून पुन्हा मांडवातच. राखेची रेघ, हळदीची रेघ, सगळ्यांच्या पायांनी पुसली गेली. ओंबील चावली की सोडत नाही, ओढून काढावी लागते, तेव्हा सदऱ्याची लाज कुणी धरली नाही. कुंपणापाशी टोपली घेऊन उभी असलेली कोळीण म्हणाली, "मास्तर, इतका खर्च करून मुंग्यांना मांडव घातलाव व्हय?"

आत्या एकटीच मांडवात शिरली. "साहेब, पगडी काढा. कोटही. आत शिरल्यात." ते घुटमळले, तेव्हा वर्गात ज्या आवाजात ती बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "काढा." त्यांनी काढलं. टक्कल लालबुंद झालं होतं. मी त्यांना विहिरीवर नेलं, चार घागरी डोक्यावर ओतल्या, बाबांचा पंचा दिला. धोतर-पंच्यात ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले. आता ते कुणाचेही काका दिसत होते. आत्याने हातात आंबा दिला. तो चोखत त्यांनी परसाकडे पाहिलं आणि हात थांबवला.

मुली होत्या तिथेच रांगेत बसल्या होत्या. एकही हलली नव्हती.

साहेबांनी पंचांना बोलावलं. ते आले, अंग खाजवत, एकाची टोपी नव्हती. साहेब म्हणाले, "एवढी पोक्त माणसं पळाली. या पोरी जागच्या हलल्या नाहीत. हे तुम्ही यांना कसं शिकवलंत, बाई?"

बाबांनी तोंड उघडलं. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि ते त्यांनी मिटलं.

"त्यांना बसायची सवय आहे, साहेब," आत्या म्हणाली.

मान्यता तिथल्या तिथे मिळाली. पंचांनी खोलीची किल्ली दुसऱ्या दिवशी पाठवतो म्हटलं आणि घाईने घरी गेले. त्यांना कपडे काढण्याची निकड होती. साहेब आणखी आंबे खाऊन, कोट घडी करून मांडीवर घेऊन, दमणीत बसले. मुलींनी आरडाओरडा करत आंब्यांच्या पाट्यांवर झडप घातली, आणि जमिनीवरच्या मुंग्या पुसलेल्या रेघांवरून आल्या त्याही जेवल्या. त्या दुपारी त्यांना कुणी हटकलं नाही.

दमणी वळणाआड गेल्यावर मी आत्याला धरलं. म्हटलं, मुलींच्या डोक्यावर मांडव नव्हताच, ओंबील त्यांच्यावर पडणार कुठून? हे साहेबांना सांगायला नको होतं का?

"विचारलं असतं तर सांगितलं असतं," ती बाठा चोखत म्हणाली. "मग मुलींना मांडवात जागा का नव्हती, तेही सांगावं लागलं असतं. ते तुझ्या बाबांनी सांगायचं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते गप्प बसले."