बाल्टिकच्या काठचा माझा साडू

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून स्वीडनच्या राजाचा एकच निष्ठावंत प्रजाजन राहतो, आणि तो माझा साडू आहे. हे मी मोजूनमापून लिहितो आहे. दुसरा कोणी निघाला तर मी हे वाक्य मागे घेईन. पण निघणार नाही.

माझे हे थोरले साडू कुपवाडच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे एकदा स्वीडनहून यंत्र आले. ते बसवायला आलेल्या तिकडच्या इंजिनिअरने जाताना त्यांना आपल्या देशाचा जाडजूड सचित्र इतिहास भेट दिला. शब्दकोश मांडीवर घेऊन साडूंनी तो दोन वर्षांत वाचला आणि त्यानंतर ते तिथून पुरते असे परत आलेच नाहीत. निवृत्त होऊन कृष्णाकाठच्या गावी ऊस लावू लागले, तरी डोळ्यांत कायम कुठला तरी गोठलेला समुद्र. जेवायला बसले की ताटात भाकरी उत्तरेकडे सरकवायची, आमटीचे आळे करायचे आणि म्हणायचे, "ह्यो बाल्टिक. एका काळी ह्याच्या भोवतीनं बहुतेक सगळं आपलं हुतं." मग भाकरीचा पूर्वेकडचा तुकडा मोडून तोंडात टाकायचा. "हे फिनलंड. हे रशियानं खाल्लं." मेहुणीबाई वाढता वाढता म्हणत, "घरातली साखर संपलेली कळत न्हाई, पर फिनलंड कवा गेलं ते तोंडपाठ हाय!"

त्यांच्या म्हशीचे नाव क्रिस्तिना. ती दावे तोडून वरचेवर दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन बसायची. साडू तिला आणायला जात, पण रागावत नसत. "राणी क्रिस्तिनानं भर तारुण्यात गादी सोडली आन् रोमला निघून गेली. हिचं काय घेऊन बसलाय?" गावात शिवजयंतीचे भाषण करायला उभे राहिले, तर महाराज शिवनेरीवर जन्मले त्याच वर्षी राजा गुस्ताव फौज घेऊन जर्मनीत उतरला, हे सांगून पुढची वीस मिनिटे जर्मनीतच राहिले. मला असली विधाने तपासल्याशिवाय चैन पडत नाही. मी तपासले, दोन्ही गोष्टी १६३०च्याच निघाल्या.

आमच्याकडे साताऱ्याला एकदा दोन दिवसांसाठी आले आणि अकरा दिवस राहिले. आठव्या दिवसापासून आमच्या मंडळींनी त्यांच्या चहातली साखर कमी केली. साडूंनी घोट घेतला, हसले आणि म्हणाले, "बारावा कार्ल रशियाकडनं हरला आन् तुर्कांकडं पाव्हणा म्हणून गेला. पाच वर्सं हलला न्हाई. मधी त्यांनी तोफा बी लावल्या. तुमी नुसती साखर कमी केली. लय सभ्य मानसं तुमी."

असा हा माणूस एकाच बाबतीत कडू होता. धाकट्या भावाशी नऊ वर्षे अबोला होता. कारण बांध. आमच्या भागात नांगर फिरवताना शेजाऱ्याचा बांध दरसाल थोडा थोडा कोरायचा, ही जुनी खोड आहे. धाकट्याने असे करत आपले चार फूट रान खाल्ले, असे साडूंचे ठाम म्हणणे. शेवटी या हिवाळ्यात त्यांनी सरकारी मोजणी मागवली आणि मला बोलावून घेतले. "तुमी आकड्यातलं मानूस. नीट बघा."

सकाळी उसावर धुके होते. मोजणीदार, दोघे भाऊ, साडूंचा ट्रॅक्टरवाला, मी आणि चार शेजारी, एवढे हजर. मोजणीदाराने यंत्र लावले, नकाशा पाहिला, पुन्हा यंत्र लावले आणि खुणेचा दगड रोवला तो साडूंच्या उभ्या उसात. चार फूट आत. म्हणजे रान खाल्ले होते ते आमच्या साडूंनी.

"हे कसं झालं?" साडूंनी मला विचारले. मी टेप धरून पुन्हा मोजले. चारच.

ट्रॅक्टरवाला पायाने ढेकूळ फोडत म्हणाला, "आबा, खरं सांगू का? नांगरताना तुमी माझ्या मागं बसून तुमच्या एका राजाचं सांगायचा. समुद्र गोठलाय, घोडी बर्फावरनं चालली हायत, बर्फ कडाकडा वाजतोय... मी मागं वळून ऐकायचो. तेवढ्यात नांगूर जायचा थोडा पल्याड. दरसालचंच हाय ते."

शेजारी खो खो हसले. "आबांनी झोपेत मुलूख मारला की रं!" धाकटा भाऊ मात्र हसला नाही. तो म्हणाला, "दादा, ऊस तुमी लावलाय. तोडून न्या, मग बघू."

साडूंनी त्या दगडाभोवतीची माती पायाने दाबली. मग भावाकडे न पाहता म्हणाले, "न्हाई रं. मुलूख जातो तवा उभ्या पिकासकट जातो." नऊ वर्षांतले ते त्यांचे भावाशी पहिले वाक्य.

त्या पट्ट्यातला ऊस धाकट्याच्या नावाने कारखान्याला गेला आणि बिल त्याच्याच खात्यावर जमा झाले. त्यानंतर मी गेलो, तेव्हा साडू मला नव्या बांधावर घेऊन गेले. पलीकडे चार फूट मोकळे रान होते. वाईट वाटते का, असे मी विचारले.

"वाटतंय की. पर गेलेला मुलूख परत मागायचा नसतो पाव्हणं. कवातरी बघून यायचं."

तेवढ्यात धाकट्याने पलीकडून हाक मारली, "दादा, या की. च्या ठेवलाय." साडू लगेच निघाले नाहीत. धुक्यातून येणाऱ्या भावाकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

"डोक्यानं किती पांढरा झालाय बघा," ते हळूच म्हणाले. "आन् ही नऊ वर्सं मी हितंच हुतो म्हनं."

मग नव्या बांधाची माती ढासळू नये म्हणून त्यांनी पाय चांगला उंच उचलला आणि पलीकडे गेले.